निखाऱ्यातील तडा

कच्चे मडके आव्यातून भाजून निघाले की पक्के होते, हा मनुष्यजातीचा हजारो वर्षांचा अनुभव आहे. काही मडकी आव्यातच तडकतात, हा अनुभवही तितकाच जुना. परंतु त्याचे खापर आपण कुंभाराच्या मातीवर किंवा त्याच्या घाईवर फोडतो, अग्नीवर फोडीत नाही. धातूच्या बाबतीत तर अग्नीवरील आपली श्रद्धा याहूनही दृढ आहे. वाकलेले लोखंड तापवून सरळ करावे, ठोकून ठोकून ताठर झालेले तांबे तापवून मऊ करावे, पात्याला तापवून पाणी द्यावे, ही सर्व कामे अग्नी निमूटपणे करतो. यास्तव धातूची एखादी वस्तू यंत्रातून निर्दोष बाहेर यावी, आणि तिचे अंतरंग निवावे म्हणून तिला भट्टीत ठेवले असता नेमकी त्या भट्टीतच तिने तडा खावा, ही गोष्ट प्रथम ऐकणारास विपरीत वाटल्यावाचून राहत नाही. तथापि निकेल धातूपासून बनविलेल्या ज्या मिश्रधातूंवर आजची जेट विमाने उडतात, त्यांच्या बाबतीत हा प्रकार सुमारे साठ-सत्तर वर्षांपूर्वी दृष्टीस पडला, मोठ्या कष्टाने आटोक्यात आला, आणि आमच्या पिढीत यंत्राने धातूच्या वस्तू थरावर थर देऊन 'छापण्याची' कला निघताच पुन्हा नव्याने उभा राहिला. या तड्याचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगावयाचा आहे. तो केवळ कारागिरांच्या उपयोगाचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बाहेरून स्वस्थ दिसणाऱ्या धातूच्या पोटात ताण कोंडलेला असू शकतो. याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवून ठेवीत. पाऊस सरल्यावर पाहावे, तो कित्येक काडतुसांची पितळी टरफले कोणी हात न लावता चिरलेली आढळत. ऋतूच्या संबंधामुळे इंग्रजांनी या विकाराला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव दिले. त्याचा उलगडा पुढे १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या इंग्रज संशोधकांनी केला. पितळेचा पत्रा साच्यातून ओढून टरफल बनविताना त्याच्या अंगात ताण राहून जाई. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत त्यावर लागू पडे. आणि दोहोंच्या संयोगाने पितळ फाटे. उपाय सोपा निघाला. टरफले मंद आचेवर तापविली म्हणजे आतला ताण सैल होतो, आणि मग अमोनियाला काही करता येत नाही. पितळेच्या बाबतीत अग्नी वैद्य ठरला. निकेलच्या मिश्रधातूंच्या बाबतीत तोच वैद्य रोगाला निमित्त कसा झाला, हे समजण्यासाठी आपणांस निकेलच्या कुळकथेकडे वळले पाहिजे.

निकेल या नावातच एक शिवी आहे. जर्मनीतील खाणकामगारांना तांब्याच्या खनिजासारखा दिसणारा एक तांबूस दगड मिळे. पण तो कितीही भाजला तरी त्यातून तांबे काही निघत नसे. खाणीतील 'निकेल' नामक खट्याळ पिशाच्च आपणांस फसविते असे समजून त्यांनी त्याला 'कुप्फरनिकेल', म्हणजे पिशाच्चाचे तांबे, असे म्हटले. स्वीडनमधील क्रोनस्टेट याने १७५१ साली अशाच खनिजातून नवा धातू वेगळा केला आणि त्या पिशाच्चाचे नाव धातूला कायमचे चिकटले. पुढे दीडशे वर्षांनी, १९०६ साली, अमेरिकेतील अल्बर्ट मार्श याने निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रणाचे पेटंट मिळविले. या मिश्रधातूची तार लालबुंद तापली तरी गंजून जात नाही. आपल्या घरातील विजेच्या शेगडीचे वेटोळे ते हेच. परंतु न गंजणे निराळे आणि भार सोसणे निराळे. तापलेल्या स्थितीत ओझे टांगले असता ही तार हळूहळू लांबत जाई.

ही उणीव भरून निघण्याचा मार्ग एका वेगळ्याच धातूच्या अभ्यासातून सापडला. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म हा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर प्रयोग करीत होता. तापवून एकदम थंड केलेला एक नमुना नुसता ठेवून दिला असता काही दिवसांत आपोआप कठीण होतो, असे त्याला आढळले. लोणचे मुरावे तसा धातू मुरतो, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. तिची उपपत्ती १९१९ साली अमेरिकेतील मेरिका, वॉल्टेनबर्ग व स्कॉट यांनी दिली. ती अशी की, उष्णतेत विरघळलेला पदार्थ पुढे अत्यंत सूक्ष्म कणिकांच्या रूपाने धातूच्या पोटात वेगळा होऊ लागतो, आणि या कणिका धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. हेच तत्त्व पुढे निकेल-क्रोमियमला लावण्यात आले. १९२९ च्या सुमारास त्यात थोडे टायटेनियम व अ‍ॅल्युमिनियम घातले असता तो मिश्रधातू तापलेल्या स्थितीतही भार सोशितो, असे मेरिका व त्याचे सहकारी यांस आढळून आले.

या शोधाला गिऱ्हाईक मिळावयास दहा वर्षे लागली. फ्रँक व्हिटल याने आपल्या जेट इंजिनाचे पेटंट १९३० साली मागितले. १२ एप्रिल १९३७ रोजी त्याचे इंजिन प्रथम चालले. आणि १५ मे १९४१ रोजी त्या इंजिनाच्या बळावर ग्लॉस्टर कंपनीचे विमान इंग्लंडच्या आकाशात उडाले. या इंजिनात जळत्या वायूच्या झोतात फिरणारी पाती लाल होईपर्यंत तापतात, आणि फिरण्याच्या वेगाने प्रत्येक पाते आपल्या मुळापासून उपटून निघू पाहते. पोलादाची पाती येथे फार टिकेनात. तेव्हा माँड निकेल कंपनीतील लिओनार्ड फाइल व त्याचे सहकारी यांनी १९४१ साली 'निमॉनिक ८०' हा मिश्रधातू सिद्ध केला. त्यात निकेल व सुमारे २० टक्के क्रोमियम यांखेरीज थोडे टायटेनियम व अ‍ॅल्युमिनियम होते, आणि त्याचे सर्व सामर्थ्य तीन भाग निकेलाला एक भाग अ‍ॅल्युमिनियम-टायटेनियम या प्रमाणात बनणाऱ्या सूक्ष्म कणिकांत होते. शास्त्रज्ञ या कणिकांना 'गॅमा-प्राइम' म्हणतात. पुढील काळात इंजिनांना जसजशी अधिक उष्णता सोसावी लागली, तसतसे धातुशास्त्रज्ञ या कणिकांचे प्रमाण वाढवीत गेले. अशा मिश्रधातूंना आता सरसकट 'सुपरअ‍ॅलॉय' म्हणतात.

येथपर्यंतची कथा ही केवळ यशाची आहे. अडचण आली ती सांधकामात. इंजिन म्हणजे काही केवळ पाती नव्हेत. त्याला वेष्टने, नळ्या, झोतमार्ग लागतात, आणि हे भाग पत्रे वेल्डिंगने सांधून बनवावे लागतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 'रेने ४१' हा अतिशय बळकट मिश्रधातू काढला. अमेरिकेने आपला पहिला अंतराळवीर ज्या मर्क्युरी यानातून पाठविला, त्या यानाच्या बाहेरील तावदानांसाठीही तो वापरला गेला. परंतु या धातूचे सांधे कारागिरांना चकवू लागले. वेल्डिंग झाल्यावर सांधा स्वच्छ दिसे. मग त्याला बळ यावे आणि त्यातील ताण सैल व्हावा म्हणून तो भाग भट्टीत ठेवीत. आणि भट्टीतून बाहेर निघे तो सांध्यालगत चिरलेला. या विकाराचे नाव 'स्ट्रेन-एज क्रॅकिंग', म्हणजे कोंडलेला ताण आणि धातूचे मुरणे या दोहोंच्या संगमाने पडणारा तडा. वेल्डिंग चालू असताना, रस गोठतागोठता पडणाऱ्या भेगा निराळ्या. हा विकार त्यानंतर भट्टीत उद्भवतो, म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

याचे कारण समजण्यास फार गणित लागत नाही. वितळलेला सांधा थंड होताना आकसतो, पण भोवतालचा थंड धातू त्याला आकसू देत नाही. त्यामुळे तेथे ताण कोंडतो. आता तो भाग तापविला की, पितळेप्रमाणेच, धातूने किंचित सैल होऊन हा ताण सोडून द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. परंतु सुमारे ६०० ते ९०० अंश सेल्सिअस या टप्प्यात गॅमा-प्राइमच्या कणिका झपाट्याने बनू लागतात. ज्या क्षणी धातूने नमते घ्यावयाचे, त्याच क्षणी तो ताठर होऊ लागतो. शिवाय कणिका बनताना धातू किंचित आकसतो व ताणात भर पडते. धातू हा असंख्य स्फटिकांचा बनलेला असतो. स्फटिकांचे अंतरंग कणिकांनी कठीण झाले म्हणजे सर्व ओढ त्यांच्या दुबळ्या सीमांवर येते. भिंत खचू लागली की भेग पक्क्या विटांतून न जाता कच्च्या चुन्याच्या सांध्यांतून वाट काढते, तसाच हा प्रकार होय. भट्टीतील हवेचा प्राणवायू त्या सीमांत शिरला तर नाश आणखी लवकर ओढवतो. सारांश, ताण सैल होणे आणि बळ येणे या दोन क्रियांची ही शर्यत आहे, आणि रेने ४१ सारख्या धातूंत बळ आधी पोहोचते.

या शर्यतीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत अग्निबाणांची इंजिने बनविणाऱ्या रॉकेटडाइन कंपनीत झाला. तेथील प्रेगर व शिरा यांचा याविषयीचा प्रदीर्घ आढावा १९६८ साली प्रसिद्ध झाला. नमुना ठरावीक वेगाने तापवीत असतानाच ओढून तोडावयाचा आणि तुटण्यापूर्वी तो किती लांबला हे मोजावयाचे, या युक्तीने कोणता धातू किती धोक्याचा हे पारखता येऊ लागले. अ‍ॅल्युमिनियम व टायटेनियम यांच्या टक्केवारीचा आलेख मांडून त्यावर एक तिरपी रेघ ओढण्याची चाल पडली: रेघेखालचे मिश्रधातू सांधता येतात, वरचे येत नाहीत. उपायही सुचविले गेले. सांधण्यापूर्वी धातू पुरता मऊ करून घ्यावा. भट्टीत तो धोक्याच्या टप्प्यातून शक्य तितक्या लवकर वर न्यावा. भट्टीत हवा असू नये. धातूत गंधकासारखी अशुद्धी राहू नये. हे सर्व उपाय उपयोगी होते, पण मूळ शर्यत त्यांनी थांबली नाही.

मूळ उपाय एव्हाना दुसरीकडे निघाला होता. इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या हंटिंग्टन येथील कारखान्यात हर्बर्ट आइझेलस्टाइन हा वाफेच्या वीजकेंद्रातील नळ्यांसाठी धातू शोधीत होता. त्याने अ‍ॅल्युमिनियम-टायटेनियमवरची भिस्त कमी करून सुमारे ५ टक्के नायोबियम घातले. या धातूत ज्या कणिका मुख्यत्वे बनतात त्या नायोबियमच्या असतात, आणि त्या फार सावकाश बनतात; इतक्या सावकाश की, पुरते बळ येण्यासाठी धातूला भट्टीत ७२० व पुढे ६२० अंशांच्या आसपास आठ-आठ तास मुरवावे लागते. या दिरंगाईचाच फायदा झाला. बळ येण्यापूर्वी ताणाला सैल होण्यास अवसर मिळाला, आणि सांधे तडकेनासे झाले. १९६२ साली पेटंट मिळालेला हा मिश्रधातू 'इन्कोनेल ७१८' या नावाने जगभर पसरला व आजही जेट इंजिनांत तो विपुल वापरला जातो. आइझेलस्टाइनने धातूचे बळ काढून घेतले नाही. फक्त त्याची घाई काढून घेतली. अर्थात त्याची किंमतही होती. सुमारे ६५० अंशांच्या वर या कणिका टिकत नाहीत, त्यामुळे सर्वांत तप्त जागी हा धातू चालत नाही.

त्या तप्त जागेचे काय झाले? तेथे सांधकामच टाळण्यात आले. गॅमा-प्राइमने ठासून भरलेले मिश्रधातू साच्यात ओतून पाती घडवू लागले; पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी, ज्यात स्फटिकसीमा मुळीच नाही असे संपूर्ण एका स्फटिकाचे पाते प्रवासी विमानांत आले. अशा रीतीने तिरप्या रेघेच्या वरचे धातू ओतकामाकडे आणि खालचे सांधकामाकडे अशी वाटणी झाली, व उभय पक्षांत शांतता नांदू लागली. ही शांतता म्हणजे प्रश्नाचे उत्तर नव्हते. सरहद्द आखून घेतल्यामुळे तंटा थांबला होता, इतकेच.

ती सरहद्द यंत्रमुद्रणाने मोडली. भुकटीचा पातळ थर पसरावा, त्यावर लेसर किरणाने हवी ती आकृती भाजून घ्यावी, पुन्हा थर द्यावा, या पद्धतीसाठी टेक्सास विद्यापीठातील कार्ल डेकार्ड याने १९८६ साली पेटंटचा अर्ज केला. धातूची भुकटी पुरती वितळवून घट्ट वस्तू करण्याची रीत जर्मनीत आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेत निघाली, व १९९६ साली तिच्या पेटंटचा अर्ज झाला. आतून पोकळ, नागमोडी मार्गांची, एरवी ओतता वा कोरता न येणारी वस्तू या रीतीने एकसंध निघते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ९ मे २०२४ रोजी असे छापलेले एक अग्निबाण इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वी १४ सुटे भाग लागत तेथे एकच भाग झाला आणि १९ सांधे गळाले, असे संस्थेने जाहीर केले आहे. सांधे गेले ही या कलेची मोठी थोरवी म्हणून सर्वत्र सांगितली जाते, आणि यंत्ररचनेच्या दृष्टीने ती खरीही आहे.

परंतु धातूच्या दृष्टीने पाहता ही वस्तू बिनसांध्याची नसून सांध्यांचीच बनलेली आहे. लेसरचा प्रत्येक फेरा हे एक इवलेसे वेल्डिंगच होय. थराची जाडी ४० मायक्रॉन धरली तर दहा सेंटिमीटर उंचीची वस्तू अडीच हजार थरांची होते, आणि प्रत्येक थरात असे शेकडो फेरे असतात. प्रत्येक रेघ वितळते, क्षणार्धात गोठते, आकसू पाहते आणि खालच्या थराने अडविली जाते. पूर्वी जो ताण एका शिवणीपुरता होता, तो आता वस्तूच्या रोमरोमांत भरतो. दुसरी गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. गोठण्याचा वेग इतका प्रचंड असतो की, कणिकांना बनावयास बहुधा वेळच मिळत नाही. अशी वस्तू तुलनेने मऊ असते. तिचे बळ तिच्यात विरघळून, जणू श्वास रोखून बसलेले असते. मग ती भट्टीत जाते. पहिल्याच तापण्यात सर्व कणिका एकदम बाहेर पडू लागतात, सर्व ताण एकदम सुटू पाहतो, आणि रेने ४१ च्या कारागिरांनी सांध्यालगत पाहिलेला तडा आता वस्तूत कोठेही दिसू शकतो. 'सीएम २४७ एलसी' हा पात्यांच्या ओतकामातील नामांकित मिश्रधातू. त्यात अ‍ॅल्युमिनियम साडेपाच टक्क्यांहून अधिक असते. तो लेसरने छापताना कसा चिरतो, याचा बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात सर्वश्रुत आहे. ओतकामात ज्याच्याइतका विश्वासू दुसरा नाही, तोच छापताना आणि पुढे भट्टीत सर्वांत बेभरवशाचा ठरला. याउलट इन्कोनेल ७१८ या नव्या यंत्रातही निर्वेध चालला, यात आश्चर्य ते काय?

छापलेली पाती चालतच नाहीत असा मात्र याचा अर्थ नव्हे. निकेलच्या सुपरअ‍ॅलॉयची छापलेली पाती मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या वेगाने, १२५० अंशांहून अधिक उष्ण वायूत, पूर्ण भाराखाली चालवून पाहिल्याचे सीमेन्स कंपनीने २०१७ साली जाहीर केले. पण अशा यशामागे भट्टीच्या वेळापत्रकावर केलेले कष्ट असतात. वस्तू धोक्याच्या टप्प्यातून लवकर न्यावी, तर जाड भागाचे पोट मागे राहून नवाच ताण उत्पन्न होतो. सावकाश न्यावी, तर कणिका गाठतात. इलेक्ट्रॉन किरणाच्या यंत्रात भुकटीचा सारा थरच सुमारे १००० अंशांपर्यंत तापवून ठेवतात, म्हणजे ताण मुळातच कमी साचतो. भट्टीत वायूच्या प्रचंड दाबाने वस्तू चोहोंकडून दाबली तर आतील बंद भेगा मिटतात. पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली भेग मात्र मिटत नाही, कारण दाबणारा वायूच तिच्यात शिरतो.

अखेरीस संशोधक पुन्हा आइझेलस्टाइनच्याच वाटेवर येऊन ठेपले आहेत. अमेरिकेत २००५ साली बाजारात आलेल्या 'हेन्स २८२' या मिश्रधातूत अ‍ॅल्युमिनियम व टायटेनियम अशा बेताने घातले आहेत की, कणिका सावकाश बनाव्यात. ऑक्सफर्ड येथील रॉजर रीड व त्यांचे सहकारी यांनी, आधी गणकयंत्रावर असंख्य पाककृती ताडून पाहून, खास छपाईसाठी 'एबीडी-९००एएम' हा मिश्रधातू सिद्ध केला. त्याचे सविस्तर विवेचन २०२१ साली प्रसिद्ध झाले. हे दोन्ही धातू उष्णता सोसण्यात ७१८ च्या पुढे जातात, पण ओतीव पात्यांच्या सर्वांत बळकट धातूंची बरोबरी करीत नाहीत. जितके बळ अधिक तितकी सबुरी कमी, हा जुना सौदा अद्याप कोणाला पुरता मोडता आलेला नाही.

हा इतिहास आम्ही सांगितला तो केवळ कुतूहलापोटी नव्हे. इंजिनाचे पाते तुटले तर त्याचे मोल विमानात बसलेल्या माणसांना द्यावे लागते. आणि भट्टीत पडलेला तडा केसाहून बारीक, कित्येकदा वस्तूच्या पोटात दडलेला असतो. अशा ठिकाणी 'सांधे गेले' या घोषणेवर संतुष्ट राहून चालत नाही. एका पिढीने वेल्डिंगच्या कारखान्यात जे ज्ञान चटके सोसून मिळविले, ते पुढील पिढीला निराळ्या धंद्याचे म्हणून परके वाटू शकते. सांधणाऱ्याचे पुस्तक छापणाऱ्याने कशाला वाचावे, असा प्रश्न सहज मनात येतो. पण नावे बदलली तरी धातूचा स्वभाव बदलत नाही. त्याला लेसर काय आणि जुन्या वेल्डरची ज्योत काय, दोन्ही सारखीच. १९६८ च्या त्या आढाव्यातील तिरपी रेघ आज नव्या यंत्रांपुढे बसलेले तरुण पुन्हा उघडून पाहत आहेत, ही आम्हांस या सर्व कथेतील सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. ती रेघ त्यांनी ओलांडावी, अवश्य ओलांडावी. मात्र ती कोणी, कशासाठी आणि किती वस्तू तडकल्यावर ओढली, हे आधी जाणून घ्यावे.